सरवा

भाताची कापणी उरकून भारे खळ्यावर गेले, की आशागडच्या परिसरातील खाचरांना काही दिवस एक निराळीच अवस्था प्राप्त होते. पीक उभे असताना ज्या बांधावरून चालताना पोटऱ्यांना दव आणि कमरेला लोंब्या लागत, त्याच बांधावरून आता दूरवर नुसते खुंट दिसतात. जमीन पुरती वाळलेली नसते, तिच्यात पावसाळ्याचा ओलावा आणि ताज्या पेंढ्याचा वास अद्याप मुरलेला असतो. आणि माणसांच्या हातून सुटलेल्या त्या भूमीवर पाखरांची वहिवाट निमूटपणे सुरू झालेली असते. अशाच एका सकाळी डहाणू रोड स्थानकावरून पूर्वेस जव्हारच्या वाटेला लागून मी आशागडला उतरलो, तेव्हा एक वृद्ध वारली बाई कमरेशी पाटी धरून, कापलेल्या खाचरातून वाकून फिरताना दिसली. ती सरवा वेचीत होती. शेत तिचे नव्हते. ज्याचे होते तो बांधावर बसून विडी ओढीत होता, आणि तिच्या तेथे असण्यात त्याला काही वावगे वाटत असल्याचे दिसत नव्हते. बऱ्याच लोंब्या पडलेला एक कोपरा ती तसाच सोडून पुढे सरकली तेव्हा मला राहवले नाही. "आजी, तिथलं राहिलं," मी म्हणालो. तिने मान वर न करताच उत्तर दिले, "असू दे बाबा, पाखरांना नको का काही?"

रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय मी त्यापूर्वी पुष्कळदा वाचला होता. वारकरी घरात वाढलेल्या माणसाच्या हाती बायबल पडते ते बहुधा वाङ्मय म्हणून, आणि रूथची कथा वाङ्मय म्हणून इतकी रेखीव आहे, अवघ्या चार अध्यायांत तिने एवढा मोठा प्रपंच मांडला आहे, की तिच्या रेखीवपणातच वाचकाचे मन अडकून पडावे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब पोटासाठी मवाबाच्या परमुलखात जाते, तेथे कर्ता पुरुष आणि दोन्ही मुलगे दगावतात, आणि म्हातारी नामी रिकाम्या हाताने माघारी निघते तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिची पाठ सोडीत नाही. गावी आल्यावर ही परकी, विधवा, निर्धन सून जवाच्या शेतात सरवा वेचायला जाते. इस्राएलांच्या धर्मशास्त्राने शेतकऱ्यावर तसे बंधनच घातले होते: शेताचे कोपरे अखेरपर्यंत कापू नयेत, पडलेले कणीस फिरून उचलू नये, ते गरिबाचे आणि परदेशियाचे समजावे. शेतमालक बवाज याने तर आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गाळायला सांगितले. संध्याकाळी रूथने वेचलेले कणीस झोडले, तो एक एफाभर जव निघाले.

या सगळ्या पुस्तकात परमेश्वर कोणाशी बोलत नाही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती मात्र त्या बांधावर. त्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे; माणसे एकमेकांना भेटताना त्याच्या नावाने आशीर्वाद देतात, नामी तर त्याच्यावर उघड ठपका ठेवते आणि आपल्याला यापुढे नामी न म्हणता 'मारा', म्हणजे कडू, म्हणा असे गावच्या बायकांना सांगते. तथापि झुडूप पेटत नाही, स्वप्नात शिडी दिसत नाही, दूत येत नाही. रूथला कोणतेही वचन मिळालेले नाही. तिच्यापुढे फक्त एक म्हातारी सासू आहे आणि दुसऱ्याचे शेत आहे, आणि उजाडल्यावर त्या शेतात जाऊन कमरेत वाकायचे आहे. श्रद्धा या शब्दाभोवती आपण जे तेजोवलय कल्पितो त्याचा लवलेशही येथे नाही, आणि तरीही या बाईला अश्रद्ध म्हणण्याचे धाडस कोण करील?

नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात अकरावा अध्याय आहे. श्रद्धावंतांची नामावळीच ती. हाबेलापासून आरंभ करून नोहा, अब्राहाम, सारा, याकोब, योसेफ, मोशे, यरीहोची राहाब, मग गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह, दावीद, शमुवेल अशी एकाहून एक मातब्बर नावे त्यात येतात, आणि शेवटी लिहिणारा आपणहून कबूल करतो की सर्वांविषयी सांगू लागलो तर वेळ पुरणार नाही. मला त्याच्या या कबुलीचे फार बरे वाटते. कारण त्या यादीत रूथ नाही. नाबोथ नाही. संदेष्ट्यांपैकी एलीया नावाने नाही, यिर्मयाही नाही. सुगीच्या घाईत विळा चालवणाऱ्याच्या हातून लोंब्या गळाव्यात तशी ही माणसे त्या अध्यायाच्या बांधाला गळून राहिली आहेत, आणि रविवारच्या शाळेत मुलांना ज्यांच्या गोष्टी सांगतात त्या समुद्र दुभंगणाऱ्या आणि सिंहाचा जबडा फाडणाऱ्या वीरांपेक्षा माझ्यासारख्या उपऱ्या वाचकाला हा सरवाच अधिक मानवला आहे.

हा ग्रंथ या मुलखात आला त्यालाही आता दीर्घ काळ लोटला. डहाणूस अमेरिकेतील ब्रदरेन मिशनने गेल्या शतकाच्या आरंभी ठाण मांडले आणि पुढे दवाखाना काढला. तलासरीस जेझुइटांचे ज्ञानमाता सदन उभे राहिले. त्यावरून या तालुक्यांत वादही झाले. ते ज्यांना उगाळायचे आहेत त्यांनी खुशाल उगाळावेत. मला आठवण होते ती निराळ्याच व्यक्तीची. 1870 च्या दशकातील दुष्काळाच्या वणवणीत आईबाप गमावलेली, विद्वत्तेमुळे कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली रमाबाई पुढे ख्रिस्ती झाली, आणि पुढील दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून अन्नान्न करीत आलेल्या मुली तिने केडगावच्या मुक्तिसदनात आणून ठेवल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच केडगावात, संसार म्हणावा असा काहीच हाती न उरलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात करून संबंध बायबलाचे मराठी भाषांतर करायला घेतले, तेही पंडितांसाठी नव्हे तर खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना वाचता यावे म्हणून, आणि 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारल्यावरही ते हातावेगळे करूनच 1922 च्या एप्रिलात डोळे मिटले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रूथच्या पुस्तकाचा आरंभ दुष्काळाने होतो. तो अध्याय मराठीत आणताना, दुष्काळातच आईबापांना मुकलेल्या या बाईचा टाक क्षणभर तरी थांबला असेल काय, हा प्रश्न मी मनाशी पुष्कळदा विचारला आहे.

जमीन आणि श्रद्धा यांचा असा घट्ट संबंध मला पुस्तकात कधी उमगला नसता. तो या डहाणू-तलासरीच्या इतिहासानेच उमगवला. पोटापुरते पिकवणाऱ्या वारल्याला श्रावणात घरातले धान्य सरले की सावकाराकडून खावटी आणावी लागे आणि ती सुगीत सवाई-दिढीने फेडावी लागे. लग्नासाठी थोडी रक्कम उचलली की नवरा-बायको दोघेही धन्याचे लग्नगडी होत आणि अनेकदा जन्मभर तसेच राहत. आणि ज्या जमिनी त्यांच्या पूर्वजांनी राब भाजून, बांध घालून लागवडीस आणल्या होत्या त्या कागदोपत्री केव्हा दुसऱ्याच्या नावे चढल्या याचा त्यांना पत्ताही नसे. मुंबई सरकारचा अधिकारी सिमिंग्टन याने 1939 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात येथल्या वेठीची नोंद करून ठेवली आहे. नोंद झाली, वेठ राहिली. मे 1945 मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ करणार नाही असा निर्धार झाला. त्याच साली पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळाल्यावाचून विळा चालवणार नाही असे ठरले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना, 'नाही' हा एक शब्द उच्चारायला माणसाला किती पिढ्या लागतात, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

इज्रेलकर नाबोथ हाही असाच एक 'नाही' म्हणणारा. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता आणि अहाब राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. राजाचा प्रस्ताव वरकरणी वाजवीच होता. मोबदल्यात अधिक चांगला मळा देऊ, नाहीतर रोख किंमत देऊ. नाबोथाने वडिलार्जित वतन देण्यास नकार दिला. राजा रुसून, तोंड फिरवून, अन्न न घेता बिछान्यावर पडून राहिला. आणि राणी ईजबेल हिने राजमुद्रा उमटवून पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केल्याच्या आरोपावरून नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करविला, आणि मग मळा सरकारजमा झाला. दस्त, मोहोर, साक्षी, पंचांची बैठक, सारे कसे कायदेशीर! आशागडच्या पाड्यांतून ही कथा सांगायची झाली तर तिच्यावर भाष्य करण्याची गरज पडणार नाही. गंमत अशी की 1945 च्या त्या चळवळीला देवाधर्माचे फारसे अगत्य नव्हते, आणि तिच्यात उतरलेल्या हजारो वारल्यांपैकी बहुतेकांनी नाबोथाचे नाव ऐकलेले असणे संभवत नाही. त्यांची निष्ठा कणसरीवर, हिरव्या देवावर, वाघदेवावर. तरी नाबोथाच्या तोंडचा तो नकार त्यांनी अक्षरशः जगून दाखवला. तेव्हा बायबलातील माणसांकडून शिकायचे म्हणजे आधी बायबल वाचलेलेच असले पाहिजे, असे मी मानीत नाही.

एलीयाची गोष्ट थोडक्यात सांगतो. येथल्या लोकांना ती भूकंपामुळे जवळची वाटावी. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन लहान लहान धक्क्यांनी हादरू लागली, 2019 च्या फेब्रुवारीच्या आरंभी एका धक्क्याची तीव्रता 4 च्या वर गेली, आणि डहाणू-तलासरीतील कितीतरी कुटुंबे थंडीत घराबाहेर, तंबूंत निजू लागली. त्या दिवसांत कोणी दैवी कोपाची भाषा बोलू लागला की मला होरेब पर्वत आठवे. तेथे मोठा वारा सुटला, परमेश्वर वाऱ्यात नव्हता. भूकंप झाला, भूकंपात तो नव्हता. अग्नी आला, अग्नीतही नव्हता. त्यानंतर एक मंद स्वर आला. सगळे प्रवचनकार त्या स्वरावर थांबतात. मला त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. ईजबेलेच्या भयाने पळत सुटलेला एलीया रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही, धीर सोडल्याबद्दल बोल लावीत नाही; निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, खाऊ घालतो, निजू देतो, आणि पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. पुढचा चाळीस दिवसांचा रस्ता आणि पुढची कामगिरी त्यानंतर. खचलेल्या श्रद्धावंताला पहिली गरज झोपेची आणि भाकरीची असते, हे ज्या धर्मग्रंथाला कळले त्याच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

या सर्वांत मला अधिक वेळ गुंतवून ठेवले ते यिर्मयाने, आणि त्याला कारण झाली एक पत्र्याची पेटी.

आशागडपासून थोड्या अंतरावरच्या एका पाड्यात, कुडाच्या भिंतीला टेकून ती ठेवलेली होती. घरधन्याने तिच्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल काढली आणि हात लुंगीला पुसून मगच उघडली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपण कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मिळावा म्हणून त्याने दावा दाखल केला होता. त्या दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव, हाताने काढलेला नकाशा, गावच्या वडीलधाऱ्यांचे जबाब असे एकेक कागद त्याने माझ्यासमोर मांडले. तेरा डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन आपल्याच कसणुकीत आहे हे शाबीत करणे अवश्य होते, आणि त्यासाठी त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वडिलांच्या नावच्या, पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या दंडाच्या पावत्या होत्या. रानात अतिक्रमण करून नांगर चालवल्याबद्दल बापाने जो दंड भरला होता, त्याच दंडाने आता मुलाच्या हक्काची साक्ष दिली होती. मुळात बापाने त्या पावत्या का जपून ठेवल्या असतील? त्यांचा काही उपयोग होईल अशी चिन्हे त्या काळी कोठेच नव्हती. असा कायदा कधी होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. घरधनी म्हणाला की बाप लिहितावाचता नव्हता, पण कागद टाकायचा नाही असे त्याचे सांगणे असे.

आमच्या तुकोबांनी वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी आख्यायिका आहे, आणि कागदापासून मुक्त होणे हीच श्रद्धेची खूण असे त्या संस्कारामुळे मी लहानपणापासून समजत आलो. यिर्मयाची रीत नेमकी उलटी. यरुशलेमाला खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, सैन्याचा वेढा पडला आहे, तटाला मोर्चे भिडले आहेत, शहरात दुष्काळ आणि मरी. नगर पडणार असे भाकीत केल्याबद्दल सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि अनाथोथ येथील आपले शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझाच आहे, असे म्हणतो. भाऊबंद मोठा वेळ साधून आला, असेच कोणीही म्हणेल. शेत शत्रूच्या तडाख्यात, घेणारा तुरुंगात, राज्य थोड्या दिवसांचे सोबती. आणि अनाथोथ हे तर तेच गाव, जेथल्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा कट केला होता. यिर्मया सतरा शेकेल रुपे ताजव्यात तोलून देतो. खरेदीखत लिहून त्यावर सही करतो, मोहोर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. रीतीप्रमाणे दोन प्रती होतात, एक मोहोरबंद, एक उघडी. आणि चौकातल्या सर्व यहूद्यांच्या देखत तो त्या बारूख या आपल्या लेखकाच्या हाती देऊन सांगतो की या मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा त्याला संदेश होता.

आणि हे सर्व यथासांग उरकल्यावर तो प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत त्याचा सारा गोंधळ बाहेर पडतो. सृष्टी निर्माण केलीस, मिसरातून आम्हांला आणलेस, अशी लांबलचक प्रस्तावना करून अखेर तो मुद्द्यावर येतो: नगर तर खास्द्यांच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला रुपे मोजून शेत घे म्हणतोस! शंका आहे, ती लपवलेलीही नाही. मात्र दस्त आधी झाला आहे, शंका मागाहून आली आहे. पाटी-पाटी लोंब्या वेचणारी रूथ, झुडपाखाली निजलेला एलीया, मळा न देणारा नाबोथ यांच्यापाशी जे मला अंधुकपणे जाणवले होते ते येथे, एका खरेदीखताच्या क्रमातच, स्वच्छ लिहिलेले मला आढळले. मन निःशंक झाल्यावर कृती करीन असे म्हणणारा मी, आणि माझ्यासारखे पुष्कळ, यांचा आयुष्यक्रम याच्या नेमका विरुद्ध चालतो. आम्ही आधी शंकांचा निकाल लावू पाहतो, आणि तो कज्जा काही आमच्या हयातीत संपत नाही.

त्या पाड्यावरच्या घरधन्याला मी ही कथा सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली, आणि मडक्यात पाणी शिरत नाही ना एवढेच विचारले. प्रश्न अगदी रास्त होता; चार महिने कोसळणाऱ्या पावसात कागद जपलेल्या घराण्यातून तो आला होता. मग त्याने फाईल पिशवीत गुंडाळली. जितकी जमीन तो कसतो तितकी त्याला मंजूर झालेली नव्हती; पट्ट्यावर क्षेत्र कमी लागले होते आणि उरलेल्यासाठी त्याचे अपील चालू होते. सुगी संपली की घरची तरणी माणसे वीटभट्टीवर जायची होती. अपिलाची तारीख असेल त्या दिवशी कोणीतरी मागे राहणार होते.

यिर्मयाला ते शेत कसायला मिळाले नाही. यरुशलेम पडले, आणि पुढे उरल्यासुरल्या लोकांनी त्याला व बारूखाला त्यांच्या मर्जीविरुद्ध मिसर देशी तहपन्हेस येथे नेले. मडक्यातल्या खरेदीखताचा त्याच्या पुस्तकात पुन्हा उल्लेख येत नाही. मात्र बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांची गावनिहाय मोजदाद एज्राच्या दुसऱ्या अध्यायात दिलेली आहे. कंटाळवाणी म्हणून बहुतेक वाचक ती गाळतात. तिच्यात अनाथोथचे एकशे अठ्ठावीस पुरुष आहेत.